सर्जन व्हायचे आहे, पण ओळखीचे कोणी नाही : नाशिक परिसरातील अल्पसंख्याक व वंचित समाजांतील वैद्यकीय विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, मालेगाव, कळवण, सुरगाणा या भागांतून एमबीबीएसला आलेले विद्यार्थी गेली काही वर्षे मला जे प्रश्न पाठवतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः जनरल सर्जन आहे आणि पेठ तालुक्यातल्या ज्या घरातून आलो, त्या घरातली माणसे माझ्याआधी रुग्णालयात गेली ती फक्त रुग्ण म्हणून. त्यामुळे काही उत्तरांत माहितीबरोबर माझे मतही आले आहे.

१. येथे ‘अल्पसंख्याक’ म्हणजे नेमके कोण?

कायद्याच्या भाषेत राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग अधिनियम, १९९२ खाली अधिसूचित झालेले मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि (२०१४ पासून) जैन हे सहा समाज धार्मिक अल्पसंख्याक आहेत. मला येणारे प्रश्न मात्र एवढ्यांचेच नसतात. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल या जमातींतील, अनुसूचित जातींतील आणि भटक्या-विमुक्तांतील मुलामुलींची अडचण तीच असते : सर्जरीच्या युनिटमध्ये आपल्यासारखे कोणी दिसत नाही आणि विचारायचे कोणाला हे कळत नाही. म्हणून या पानावर हा शब्द त्या सर्वांसाठी वापरला आहे. प्रवेश आणि प्रमाणपत्रांच्या बाबतीत हे प्रवर्ग अर्थातच वेगवेगळे आहेत. त्यासाठी प्रश्न ११ पाहावा.

२. ओळखी वाढवणे म्हणजे वशिला लावणेच नव्हे का? मला ते पटत नाही.

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो प्रामाणिक मुलांकडूनच येतो. वशिल्यात तुमचे काम न पाहता कोणी तरी तुमच्यासाठी शब्द टाकतो. ओळखीत तुमचे काम पाहिलेला माणूस तुमच्याविषयी खरे ते सांगू शकतो. दोहोंत हा फरक आहे आणि तो लहान नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ज्याचे आईवडील डॉक्टर आहेत त्याला ओळखी ‘वाढवाव्या’ लागत नाहीत. कोणत्या संस्थेत निवासी डॉक्टरांना खरोखर हात चालवायला मिळतो, कोणत्या ठिकाणी तीन वर्षे केस पेपर भरण्यातच जातात, एमएसनंतर (म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीनंतर) एमसीएच ही त्यापुढची विशेष शाखेची पदवी करावी की लगेच काम सुरू करावे, हे सगळे त्याच्या कानावर रात्रीच्या जेवणाच्या वेळी पडत असते. त्याला कोणी वशिलेबाज म्हणत नाही. तीच माहिती तुम्ही चार माणसांना विचारून मिळवली, तर त्यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. माझे मत विचाराल तर हा संकोचच आपल्या मुलांची दोन-तीन वर्षे खातो.

३. सुरुवात कोणापासून करावी? थेट विभागप्रमुखांना भेटावे का?

सहसा नको. विभागप्रमुखांना भेटण्यात गैर काही नाही, परंतु त्यांच्याकडे तुमच्याविषयी सांगण्यासारखे अजून काही नसते. युनिटमधला दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर हा बहुतेक वेळा पहिला खरा मार्गदर्शक ठरतो, कारण त्याची परीक्षा नुकतीच झालेली असते, रात्री दोन वाजता तो वॉर्डातच असतो आणि त्याला मदतीची खरोखर गरज असते. ड्रेसिंगला सोबत उभे राहणे, रिपोर्ट वेळेवर आणणे, रुग्णाचा इतिहास नीट लिहून ठेवणे, एवढ्यावरून तो तुम्हाला नावाने ओळखू लागतो.

दुसरे दार आहे ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांचे. विद्यार्थी असताना तीन आठवडे मी भिंतीला टेकून शस्त्रक्रिया पाहत होतो आणि मला डोक्यांच्या मागच्या बाजूंखेरीज काही दिसत नव्हते. चौथ्या आठवड्यात तेथल्या सिस्टरांनी विचारले, “नुसता उभा काय राहतोस? गाऊनचे बंद बांधायला ये.” पुढचे पंधरा दिवस मी सर्वांच्या गाऊनचे बंद मागून बांधले, दिवा सरकवला, मॉप (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) मोजताना मोठ्याने आकडे म्हटले. मग एके दिवशी रिट्रॅक्टर (जखम उघडी धरून ठेवायचे अवजार) धरायला माणूस कमी पडला, तेव्हा सरांनी विचारले, “तो रोज येणारा कुठे आहे?” त्यांना माझे नाव ठाऊक नव्हते, पण मी रोज येतो हे ठाऊक होते.

४. अनोळखी सर्जनला पहिला निरोप कसा पाठवावा?

‘सर, मला गाईड करा’ या निरोपाला उत्तर येत नाही, कारण त्याला उत्तर देता येत नाही. निरोपात आपण कोण, त्यांचे कोणते काम पाहिले, नेमका प्रश्न कोणता आणि किती वेळ हवा, या चार गोष्टी असाव्यात. एका विद्यार्थिनीने पाठवलेला निरोप साधारण असा होता :

‘नमस्कार सर. मी तिसऱ्या वर्षाला असून गेल्या आठवड्यात आपल्या युनिटमध्ये पोस्टिंगला होते. मंगळवारच्या अडकलेल्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेत आतडे काळपट दिसत होते, तेव्हा आपण त्यावर गरम सलाईनचे मॉप ठेवून थांबलात आणि नंतर ते न कापता आत ठेवले. हा निर्णय कोणत्या खुणांवरून घेतला, हे समजून घ्यायचे आहे. गुरुवारी ओपीडीनंतर दहा मिनिटे मिळतील का?’

यात स्तुती नाही, घरची परिस्थिती नाही, आणि प्रश्न असा आहे की रंग, आतड्याची हालचाल व रक्तवाहिनीचे ठोके यांविषयी बोलायला कोणत्याही सर्जनला आवडेल. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी. भेट झाल्यावर काय कळले ते दोन ओळींत कळवावे. बहुतेक जण हे विसरतात आणि म्हणूनच कळवणारे लक्षात राहतात.

५. मी पहिल्या वर्षात आहे. आत्तापासून काय करता येईल?

शरीररचनाशास्त्र मन लावून शिकावे आणि हाताला सवय लावावी. मालेगावच्या एका विद्यार्थिनीच्या घरी यंत्रमाग होता. तिने सुताचा उरलेला कोन वसतिगृहात आणला आणि टेबलाच्या कडेला रिकामी काडेपेटी ठेवून तिच्याभोवती गाठी मारायला सुरुवात केली. अट एवढीच की, गाठ बसताना पेटी जागची हलता कामा नये. पेटी हलली याचा अर्थ शरीरात ती रक्तवाहिनी ओढली गेली. रीफ नॉट या दुहेरी गाठीत दुसरा फास पहिल्याच्या उलट दिशेने बसावा लागतो. दोन्ही एकाच दिशेने बसले तर गाठ वरून घट्ट दिसते आणि ताण आला की सरकते. हे वाचून कळत नाही, शंभर वेळा केल्यावर बोटांना कळते. डाव्या हाताने एकहाती गाठ बसू लागली की पोस्टिंगच्या वेळी ती लपत नाही आणि ओळखीची सुरुवात तेथूनच होऊ शकते.

६. मार्गदर्शक आपल्याच समाजाचा असावा का? आणि एकच असावा का?

असला तर आनंद आहे, पण त्याची वाट पाहू नये. आपल्या समाजातला ज्येष्ठ डॉक्टर काही गोष्टी न सांगता समजून घेतो. घरी पैसे पाठवावे लागतात, बहिणीच्या लग्नासाठी सुटी हवी आहे, आडनाव ऐकून कोणी तरी प्रवर्ग विचारला, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. परंतु असे सर्जन संख्येने थोडे आहेत आणि प्रत्येक जण त्यांच्याकडेच गेला तर त्यांचाही जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून एकाच माणसात सगळे शोधू नये. शस्त्रक्रिया शिकवणारा एक, परीक्षेची वाट दाखवणारा दुसरा (तो दोन वर्षे पुढे असलेला मित्रही चालतो), आणि मनातले बोलता येईल असा तिसरा, शक्यतो तुमच्या विभागाबाहेरचा. हा तिसरा माणूस का लागतो, ते प्रश्न १२ मध्ये आले आहे.

७. माझे शिक्षण उर्दू किंवा मराठी माध्यमात झाले आहे. इंग्रजीत केस सांगताना मी अडखळतो.

केस सांगण्याची भाषा ठरावीक असते : तक्रार, तिचा काळ, तिची वाढ, आधीचे आजार, तपासणी, निदान. साधारण दोनशे वाक्यांचा हा साठा आहे. रोज एक केस मोबाईलवर बोलून ध्वनिमुद्रित करावी, स्वतः ऐकावी, आणि आठवड्यातून एक वेळ वरच्या वर्गातल्या कोणाला ऐकवावी. तीन महिन्यांत अडखळणे बरेच कमी होते.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. सुरगाण्याहून आलेल्या आजींना पोटात कसे दुखते हे कोकणा बोलीत विचारणारा किंवा मालेगावच्या रुग्णाचा इतिहास उर्दूत नीट घेणारा विद्यार्थी युनिटला हवाच असतो. ते काम जरूर करावे. मात्र फक्त दुभाषा होऊन बसू नये. इतिहास तुम्ही घेतला असेल तर राउंडला ती केस तुम्हीच सांगू द्यावी, अशी विनंती निवासी डॉक्टरांना स्पष्टपणे करावी.

८. नाशिकमध्ये अशा संधी नेमक्या कुठे मिळतात?

आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय आणि इगतपुरी तालुक्यात घोटीजवळचे एसएमबीटी ही या जिल्ह्यातली परिचित ठिकाणे आहेत, आणि राज्यभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना संलग्नता देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (स्थापना १९९८) म्हसरूळला, म्हणजे आपल्याच गावात आहे. ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत विद्यापीठाच्या वतीने भाग घेता येतो, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते.

जिल्हा शासकीय रुग्णालयाकडे, म्हणजे ‘सिव्हिल’कडे, दुर्लक्ष करू नये. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने जिल्हास्तरीय रुग्णालयात काम करावे लागते. त्यामुळे वेगवेगळ्या महाविद्यालयांतील निवासी डॉक्टरांशी अशा ठिकाणी गाठ पडू शकते. सुटीत गावी गेल्यावर तालुक्याच्या रुग्णालयात हर्निया-हायड्रोसीलचे शिबिर असेल, तर वैद्यकीय अधीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन मदतीला जावे; मोठ्या शहरात विद्यार्थी सहाव्या रांगेत असतो, तेथे तो दुसऱ्या रांगेत असतो.

असोसिएशन ऑफ सर्जन्स ऑफ इंडिया ही १९३८ पासूनची संस्था आहे आणि तिच्या राज्य शाखेची वार्षिक परिषद ‘मॅसिकॉन’ या नावाने भरते. परिषदेला जाताना सगळी व्याख्याने ऐकण्याचा हट्ट धरू नये. पोस्टर लावलेल्या दालनात थांबावे, कारण पोस्टरजवळ उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला कोणी तरी प्रश्न विचारावा असे मनापासून वाटत असते.

९. संशोधनात मदत केली, पण लेखात माझे नाव आले नाही. काय करावे?

काम सुरू करण्यापूर्वीच विचारावे : “सर, माझ्या वाट्याला नेमके काय काम आहे आणि ते पूर्ण केल्यास नाव येईल का?” हे उद्धटपणाचे नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाचे चार निकष घालून दिले आहेत : आखणी अथवा माहिती गोळा करण्यात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्यास मान्यता आणि कामाची जबाबदारी. केवळ आकडे भरून दिले असतील तर लेखक म्हणून नाही, पण आभारांत नाव यावे, ही अपेक्षा रास्त आहे. काय ठरले ते ईमेलने दोन ओळींत कळवून ठेवावे.

विव्हियन थॉमस यांचे उदाहरण मी प्रत्येक तुकडीला सांगतो. हृदयातील जन्मजात दोषामुळे निळ्या पडणाऱ्या मुलांवरील पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अल्फ्रेड ब्लेलॉक यांनी केली, तेव्हा त्यांच्या मागे स्टुलावर उभे राहून त्यांना टाका कसा घ्यायचा हे सांगणारे कृष्णवर्णीय तंत्रज्ञ थॉमस होते, कारण प्रयोगशाळेत ती पद्धत त्यांनी बसवली होती. १९४५ च्या लेखात त्यांचे नाव नव्हते. त्याच संस्थेने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. ब्लेलॉक यांनी त्यांना जवळ केले, शिकवले, त्यांच्यावर विसंबूनही राहिले. तरीही नाव द्यायचे राहिले. मार्गदर्शक चांगला असला तरी नावाचे बोलणे आधीच का करावे, ते यावरून कळावे.

१०. मी हिजाब वापरते. ऑपरेशन थिएटरमध्ये अडचण येईल का?

बाहेरून घालून आलेला कोणताही कपडा आत चालत नाही आणि हा नियम सर्वांना सारखा आहे. केस पूर्ण झाकणे तर सर्वांनाच सक्तीचे असते. त्यासाठी मान व कान झाकणारा सर्जिकल हूड मिळतो आणि तो तेथेच बदलून घालता येतो. खरा प्रश्न बाह्यांचा आहे, कारण हात कोपराच्या वरपर्यंत धुवावे लागतात. धुतल्यानंतर निर्जंतुक गाऊनने हात पुन्हा झाकले जातात, म्हणजे उघड्या हातांचा काळ काही मिनिटांचाच असतो. २०२३ मध्ये तिरुवनंतपुरमच्या विद्यार्थिनींनी हूड आणि लांब बाह्यांच्या स्क्रबची (थिएटरमधल्या पोशाखाची) मागणी लेखी केली, तेव्हा चर्चा याच मुद्द्यावर अडली होती. पहिल्या दिवशी दारात वाद घालण्यापेक्षा आदल्या दिवशी थिएटरच्या प्रमुख सिस्टरांना भेटून हूड दाखवावा. बहुतेक प्रश्न तेथेच सुटतात.

कडे, अंगठी, गंडा आणि मनगटावरचा लाल दोरा यांनाही हाच नियम आहे. दोऱ्याला सूट आणि कड्याला मज्जाव असे दिसले, तर ते निदर्शनास आणून देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

११. आरक्षण आणि प्रमाणपत्रांच्या बाबतीत कोणत्या चुका होतात?

सविस्तर नियम दर वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावेत. येथे फक्त वारंवार होणाऱ्या गफलती देत आहे. धर्म अल्पसंख्याक असल्याने आपोआप आरक्षण मिळत नाही, परंतु मोमीन किंवा जुलाहा यांसारखे मुस्लिम समाज राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत आणि ते प्रमाणपत्र वेळेत न काढल्याने मालेगावच्या मुलांचे नुकसान होताना मी पाहिले आहे. बौद्ध विद्यार्थ्यांना १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीच्या सवलती मिळू शकतात. राज्याच्या यादीतील विमुक्त व भटक्या जमातींपैकी अनेक केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात, त्यामुळे अखिल भारतीय फेरीसाठी वेगळ्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. जमातीच्या वैधतेला (दाखल्याच्या पडताळणीला) वेळ लागतो, म्हणून तो अर्ज नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट न पाहता करावा.

एमसीएचच्या अखिल भारतीय समुपदेशनात (प्रवेशफेरीत) सामाजिक आरक्षण नसते, ही गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. ज्यांना हृदय, मेंदू किंवा प्लास्टिक सर्जरीकडे जायचे आहे, त्यांनी एमएसच्या पहिल्याच वर्षी त्या शाखेतला मार्गदर्शक शोधावा.

‘कोट्यातला’ हा टोमणा ऐकावा लागतो का, असेही विचारतात. लागतो. एमएसची अंतिम परीक्षा आणि उत्तीर्ण होण्याची अट सर्वांना एकच असते, एवढे उत्तर पुरेसे आहे आणि तेही प्रत्येक वेळी देण्याची गरज नाही.

१२. मार्गदर्शक खासगी कामे सांगतात किंवा अपमान करतात. हे सहन करायचे का?

रात्री उशिरा रिपोर्ट आणणे, तासभर रिट्रॅक्टर धरणे, चूक झाल्यावर बोलणी खाणे हे शिकण्याचा भाग आहे. त्यांच्या घरचे वीजबिल भरणे नाही. त्या कामाचा रुग्णाशी किंवा तुमच्या शिक्षणाशी संबंध आहे का, एवढे पाहिले तरी सहसा उलगडा होतो. खासगी काम पहिल्या वेळी ‘सर, वॉर्डात ड्रेसिंग राहिले आहे’ असे सांगून टाळता येते.

जात, जमात, धर्म किंवा लिंगावरून अपमान होत असेल तर तो शिस्तीचा भाग नाही. २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर हा प्रश्न साऱ्या राज्याच्या चर्चेत आला. तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवावेत. महाविद्यालयाच्या रॅगिंग प्रतिबंधक समितीकडे लेखी तक्रार करता येते. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ आहे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचेही संरक्षण आहे. तक्रार करण्यापूर्वी विभागाबाहेरच्या त्या तिसऱ्या माणसाशी (प्रश्न ६) बोलावे, कारण विभागातल्या प्रत्येकाला त्याच विभागात राहायचे असते. झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर कागदपत्रे नंतर करावीत. आधी टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे आणि घरच्यांना बोलावून घ्यावे.

१३. मी बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीयूएमएस (युनानी) करत आहे. हे सल्ले मला लागू होतात का?

माणसे जोडण्याचे सल्ले तसेच लागू होतात, वाट मात्र वेगळी आहे. आयुर्वेदात शल्यतंत्र (शस्त्रक्रिया) व शालाक्यतंत्र (डोळे, कान, नाक, घसा) या पदव्युत्तर शाखांसाठी नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत ५८ शस्त्रक्रियांची यादी दिलेली आहे. युनानीत जराहत ही शस्त्रक्रियेची शाखा आहे. मार्गदर्शक त्याच शाखेतला शोधावा. एमएस जनरल सर्जरीला या पदवीवरून प्रवेश मिळत नाही.

१४. मार्गदर्शकांनी उत्तर देणे बंद केले आहे. माझे काही चुकले का?

बहुधा नाही. सर्जनचा फोन दिवसातले सहा-सात तास लॉकरमध्ये असतो आणि न वाचलेले निरोप खाली जातात. तरी स्वतःला विचारून पाहावे : मागच्या भेटीत त्यांनी जे करायला सांगितले होते, ते झाले का? झाले नसेल तर आधी ते करावे आणि मग ‘आपण सांगितलेले पूर्ण केले, आता पुढचे विचारायचे आहे’ असे कळवावे. झाले असूनही दोन महिने उत्तर नसेल, तर राग न धरता दुसरे दार ठोठवावे आणि जुन्या सरांना दिवाळीला किंवा ईदला नमस्कार कळवत राहावे. माझ्या एका सरांनी तब्बल चौदा महिन्यांनी उत्तर पाठवले होते : “उद्या सात वाजता ये, गॉलब्लॅडर आहे.”